गुंड्याला शाळेचं पत्र

मामाच्या कंपनीने त्याला तीन वर्षांसाठी परदेशात पाठवायचं ठरवलं, तेव्हा मामीने पहिला प्रश्न विचारला, "गुंड्या येणार का?"

मामा लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. अर्धं आयुष्य बंद लिफ्टच्या दाराला तोंड लावून आत अडकलेल्या लोकांशी बोलण्यात गेलेलं, त्यामुळे आवाज कधी चढतच नाही. तो शांतपणे म्हणाला, "अगं, मी जाणार का ते तरी आधी विचार."

"तुमचं काय, तुम्हाला तिकीट पाठवतायत ते. त्याचं कोण बघणार?"

गुंड्या म्हणजे कुत्रा. रस्त्यावरचाच, मातकट रंगाचा, एक कान उभा आणि एक कायम झोपलेला. पिल्लू असताना मामीच्या शिवणाच्या खोलीत घुसला आणि डब्यातल्या शर्टाच्या गुंड्या गिळून बसला. सात की आठ. पुढचे दोन दिवस मामी हातात काडी घेऊन त्याच्या मागे मागे. सगळ्या बाहेर आल्या, नाव तेवढं चिकटलं. तेव्हापासून सहा वर्षं तो मामीच्या मशीनखाली झोपतोय. पायडलचा आवाज थांबला की डोळा उघडतो, सुरू झाला की मिटतो.

तर गुंड्या आला. इंजेक्शनं झाली, कागद झाले, पिंजरा झाला. विमानतळावर उतरल्यावर मामीने नवीन देश बिश काही बघितलं नाही. सामानाच्या खिडकीपाशी उभी राहिली आणि पिंजरा येईपर्यंत हललीच नाही. पिंजरा आला, आत हा भेदरून गोळा होऊन बसलेला. मामी जाळीत बोटं घालून म्हणाली, "आले रे, आले." जसं काही हीच उशिरा आली होती!

नवीन घर चौथ्या मजल्यावर. दोन खोल्या, जाडजूड गालिचा, भिंतीला पांढरी हीटरची पट्टी, आणि शांतता. इतकी शांतता की पहिल्या आठवड्यात मामीला वाटलं आपल्या कानातच काहीतरी बिघडलंय. खाली रस्त्यावर एकही मोकळं कुत्रं नाही. जी होती ती पट्ट्याला बांधलेली, काहींच्या अंगात कोट, आणि कुणी भुंकत नाही. गुंड्या खिडकीतून त्यांच्याकडे बघायचा आणि मग मामीकडे बघायचा, की ही कुठली जात म्हणायची?

मामीला एकटीने बाहेर पडायचं म्हणजे नको व्हायचं. भाषा येत नाही, रस्ते कळत नाहीत. पण गुंड्याला दिवसातून तीनदा खाली न्यायलाच लागायचं, त्याला काही तुमची भाषेची अडचण सांगून चालत नाही. मग त्याच्यामुळे आधी कोपरा कळला, मग बसचा थांबा, मग बाग. बागेत पहिल्या दिवशी मामाने तिच्या हातात छोट्या पिशव्यांची गुंडाळी दिली तेव्हा मामी बघतच राहिली.

"त्याचं ते मी उचलायचं?"

"इथे सगळेच उचलतात."

"हाताने?"

"पिशवीने, गं."

"आयुष्यभर लोकांच्या पँटी आखूड करून दिल्या," मामी वाकता वाकता म्हणाली, "आता एवढंच राहिलं होतं."

गुंड्या मात्र तिच्या आधी शिकला. सिग्नल लाल असला की बसायचा. मामीला गाड्यांसमोर हात दाखवून सरळ चालू पडायची सवय, ती पट्टा ओढतेय आणि हा ढिम्म बसलेला. एकदा तर पलीकडे उभ्या असलेल्या आजीबाई टाळ्या वाजवायला लागल्या, गुंड्यासाठी! मामी लाजून लाल.

पण एक गोष्ट होती, जी मामीने कुणालाच सांगितली नव्हती. तिला इथे हलकं वाटायला लागलं होतं. इथे लोक गुंड्याचं नाव विचारायचे, वय विचारायचे, त्याचा झोपलेला कान बघून हसायचे आणि पुढे जायचे. बस. तो दुसरा प्रश्न कुणी विचारायचंच नाही. तिकडे अठरा वर्षं प्रत्येक लग्नात, प्रत्येक दवाखान्यात, कपडे शिवायला आलेल्या प्रत्येक बाईने विचारलेला, "मुलं किती?" आणि मामीने "नाही" म्हटलं की समोरचा चेहरा कसा अगदी मऊ मऊ व्हायचा. मग सुस्कारा, मग एखाद्या डॉक्टरचा पत्ता. मामी हसायची आणि मशीन सुरू करायची, म्हणजे पुढचं ऐकू येत नाही.

दोन महिन्यांनी तिला कामही मिळालं. तीन गल्ल्या सोडून कपडे दुरुस्त करायचं दुकान होतं. चेन बदलणं, बाही कमी करणं, पट्टी मारणं. मालकीण उंच, सडपातळ, तोंडात कायम चार टाचण्या, त्यामुळे ती मुळात कमीच बोलायची. मामीने पहिल्या दिवशी एक पँट आतल्या टाक्याने अशी आखूड केली की टाका शोधून सापडेना, तेव्हा मालकिणीने नुसती मान हलवली आणि मामीच्या मशीनखाली गुंड्यासाठी जुनी घोंगडी टाकली.

सगळं असं छान चाललेलं असताना नोंदणीचं आलं. बाहेरून आलेल्यांनी तीन महिन्यांत जाऊन घरातल्या माणसांची नोंद करायची, एक नंबरच्या खिडकीत. कुत्र्याची वेगळी, दोन नंबरच्या खिडकीत. नोंद नसलेलं कुत्रं सापडलं तर उचलून नेतात, हे कंपनीतल्या माणसाने मामाला दोनदा बजावलं होतं. मामाला सुट्टी नव्हती. मामी म्हणाली, मी जाते. एकटी जाते. तिने लागतील ती सगळी वाक्यं पाठ केली, आंघोळ करतानासुद्धा म्हणत होती.

एक नंबरच्या खिडकीत एक कारकून होता, चष्मा कपाळावर चढवलेला. नाव विचारलं, सांगितलं. नवऱ्याचं नाव, काम, पत्ता, सगळं सांगितलं. एकही शब्द अडला नाही. मामी आतून नुसती फुलत होती. आणि मग तो स्क्रीनकडे बघत बघत म्हणाला, "मुलं?"

"नाही" हा शब्द मामीला येत होता. पहिल्याच आठवड्यात शिकलेली. पण तो माणूस मानच वर करत नव्हता. त्याच्या चेहऱ्यावर काही तयार नव्हतं, मऊ नाही, कडक नाही. नुसतं बोट बटणावर ठेवून थांबला होता. मामीच्या तोंडातून निघून गेलं, "एक."

"मुलगा की मुलगी?"

"मुलगा."

"जन्मतारीख?"

मामीने धडाधड गुंड्याच्या इंजेक्शनच्या वहीतली तारीख सांगितली. कागद भरून भरून पाठ झालेली.

"पूर्ण नाव?"

आणि मामीने ते सांगितलं, जसं आपण सगळे सांगतो तसं. गुंड्या, मग मधे मामाचं नाव, मग आडनाव. एका दमात. अठरा वर्षांत तिने असं नाव कधी उच्चारलं नव्हतं. मनातल्या मनात उच्चारलं असेल तर देव जाणे.

"शाळा?"

"नाही."

तेव्हा त्याने पहिल्यांदा वर बघितलं, काहीतरी टाइप केलं, शिक्का मारला आणि कागद दिला. मामी बाहेर येऊन बाकावर बसली. तिला हसू यायला लागलं, मग रडू, मग परत हसू. दोन नंबरच्या खिडकीत ती गेलीच नाही. जाणार कशी? तेच नाव परत सांगायचं, आणि हा कुत्रा आहे म्हणायचं? घरी येऊन "झालं" एवढंच म्हणाली. मामा म्हणाला, "वा!" आणि चहा टाकला.

तीन आठवडे काही नाही. मामी जवळजवळ विसरली. आणि मग पत्र आलं, वर कसलं तरी चिन्ह, खाली निळी सही. अर्धं कळेना म्हणून ती ते दुकानात घेऊन गेली. मालकिणीने टाचण्या काढून टेबलावर ठेवल्या आणि हळूहळू वाचून दाखवलं. तुमच्या मुलाला जवळच्या शाळेत जागा दिली आहे. मुलगा अजून हजर झालेला नाही. येत्या गुरुवारी सकाळी दहा वाजता आमच्या बाई घरी येऊन मुलाला भेटतील. माहिती खोटी आढळल्यास राहण्याचा परवाना रद्द होऊ शकतो.

मामीच्या तोंडचं पाणी पळालं. पण मालकिणीचं भलतंच!

"तुला मुलगा आहे? आणि तू बोलली नाहीस?" तिने मामीचे दोन्ही हात धरले. एवढी बोलताना तिला कुणी बघितलं नसेल. "घाबरू नकोस, पाठव त्याला शाळेत, पहिले दिवस सगळीच मुलं रडतात."

हीच वेळ होती सांगायची. मामीने मान हलवली. हो अशी! आता काय बोलायचं? मालकीण मागे गेली आणि कुणी न नेलेल्या कपड्यांतून एक छोटी निळी पँट घेऊन आली. सहा वर्षांच्या मापाची. मामीने ती पिशवीत घातली तेव्हा गुंड्या घोंगडीवरून तिच्याकडे बघत होता. मामीने त्याच्याकडे बघितलं नाही.

घरी आल्या आल्या तिने ताईला फोन लावला. ताई म्हणजे मोठी बहीण, तिकडची. जगातल्या प्रत्येक अडचणीवर हिच्याकडे दोन मिनिटांत उपाय तयार असतो, तो चालतो की नाही हा भाग वेगळा. सगळं ऐकून ताई ओरडली, "अगं बये, कुत्र्याला शाळेत घातलंस?"

"घातला नाही गं, त्यांनीच घेतला."

"मग सांग आजोळी गेलाय म्हणून."

"आजोळी म्हणजे कुठे, ताई? तुझ्याकडेच ना?"

"मग आहे म्हणते ना मी! फोन आला तर मी सांगते, झोपलाय."

"सहा वर्षांचा मुलगा तीन वर्षं झोपणार आहे का? सरकारी कागद आहे गं. ह्यांचा परवाना जाईल. आणि गुंड्याची नोंदच नाही, त्याला उचलून नेतील."

ताईचा आवाज एकदम उतरला. मग अगदी हळू, "पण तू सांगितलंसच का असं?"

मामी म्हणाली, "त्याने विचारताना मान वर केली नाही गं, ताई."

ताईसारखी ताई, पण नुसतं "जेव काहीतरी," म्हणाली आणि फोन ठेवला.

मामाला सांगायचं मामीने रोज ठरवलं. सोमवारी तो दमून आला. मंगळवारी खुशीत होता. बुधवारी संध्याकाळी तो पिशवीत दोऱ्याचं रीळ शोधायला गेला आणि हातात निळी पँट आली.

"हे कुणाचं?"

"गिऱ्हाइकाचं."

"तू तर काम घरी आणत नाहीस."

मामाने पँट उलटसुलट करून बघितली, मग मामीकडे बघितलं. तिचा चेहरा बघून तो हळूच समोर बसला. बंद लिफ्टबाहेर बसतो ना, तसा. "सांग," म्हणाला. आणि मामीने सांगितलं. सगळं, एका दमात, रडत, मधेच नाक पुसत, पत्र त्याच्या मांडीवर टाकून. शेवटी म्हणाली, "बोला ना काहीतरी. रागवा तरी."

मामा पत्र बघत होता. "नाव काय सांगितलंस?"

"गुंड्या. मग तुमचं. मग आडनाव."

"पूर्ण?"

"हो."

"आणि त्याने लिहून घेतलं?"

"घेतलं."

मामाने पत्राची घडी घातली, परत उघडली. मग म्हणाला, "मला विचारायचंस तरी. मी जरा बरं नाव सुचवलं असतं."

मामी रडता रडता इतकी हसली की गुंड्या उठून भुंकायला लागला, या देशात आल्यापासून पहिल्यांदा.

"उद्या मी रजा टाकतो," मामा म्हणाला. "लिफ्टमध्ये अडकलेल्यांना मी पहिलं काय सांगतो? उगाच बटणं दाबत बसू नका. आत काय झालंय ते जसंच्या तसं सांगा, मग मला बाहेर काढता येतं. तसंच करू."

"आणि परवाना गेला तर?"

"गेला तर गेला. तिघं परत जाऊ. तिकडे काय लिफ्ट बंद पडत नाहीत?"

गुरुवारी बरोब्बर दहाला घंटी वाजली. शाळेच्या बाई पन्नाशीच्या, पाठीला सॅक. आत आल्या, बसल्या, आणि सॅकमधून चित्रांची वही आणि रंगखडू काढून टेबलावर ठेवले. "कुठे आहे आमचा विद्यार्थी?"

मामा बोलणार असं ठरलं होतं. दोन वाक्यं त्याने लिहूनसुद्धा ठेवली होती. पण मामीला ते रंगखडू बघवेनात. ती मोडक्यातोडक्या भाषेत म्हणाली, "मुलगा नाही. मी खोटं सांगितलं. हा आहे." आणि गुंड्याकडे बोट केलं.

त्या हसल्या नाहीत, उलट चेहरा पांढरा पडला. "मुलगा कुठे आहे?" परत विचारलं.

"नाही मुलगा."

"नोंद आहे. नाव आहे, जन्मतारीख आहे. तो कुठे आहे?"

आणि तेव्हा मामीला कळलं की आपल्याला वाटलं त्यापेक्षा हे भयंकर आहे. या बाईंना वाटतंय मुलगा होता, आणि आता नाहीये! बाई उठल्या, परवानगी मागितली आणि आतली खोली बघितली. कपाट उघडलं. न्हाणीघर बघितलं. पलंगाखाली वाकून बघितलं. मामा-मामी दारात उभे. गुंड्या बाईंच्या मागे मागे, प्रत्येक ठिकाणी नाक घालत, जसा काही तोही शोधतोय.

नसलेलं मूल कधी नव्हतंच हे दाखवणार कसं? मामीने कपाटातून फाइल ओढली, रिपोर्ट, चिठ्ठ्या, फोटो, सगळं जमिनीवर सांडलं आणि त्यातून इंजेक्शनची वही उचलून बाईंच्या हातात दिली. बाईंनी वही उघडली. पहिल्या पानावर गुंड्याचा फोटो, एक कान उभा, एक झोपलेला. खाली नाव, पुढे मालक म्हणून मामाचं. खाली जन्मतारीख. त्यांनी आपला कागद शेजारी धरला. बोट ठेवून एकेक अक्षर जुळवलं, मग एकेक आकडा. परत एकदा पहिल्यापासून. मग त्या मटकन खुर्चीत बसल्या आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

मामीला वाटलं, झालं, संपलं.

पण बाईंनी हात काढले तेव्हा डोळ्यात पाणी होतं आणि त्या हसत होत्या. हळूहळू, मामीला कळावं म्हणून एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या, "माझ्या कामात मूल सापडत नाही, तेव्हा ते कधीच चांगलं नसतं. कधीच. आज इतक्या वर्षांत पहिल्यांदा, मूल नाही म्हणून मला आनंद झालाय."

मामी बघत राहिली. मूल नाही, आणि समोरच्या माणसाचा जीव भांड्यात पडलाय! असं तिच्या उभ्या आयुष्यात झालं नव्हतं. तिने मामाकडे बघितलं, तर तो खिडकीबाहेर बघत होता, पाठ करून, खांदे हलत होते.

मग सगळं कसं साधं झालं. बाईंनी एक कागद काढला. नोंद रद्द करण्याचं कारण: दुसरीकडे गेला, मरण पावला, नोंद चुकीची. तिसऱ्यावर खूण केली. मामीचं पेन सहीवर एक क्षण अडलं आणि मग तिने सही केली, पूर्ण नावाने. परवान्याचं विचारलं तर बाई म्हणाल्या, "तुम्ही स्वतः सांगितलंत. मी तसंच लिहीन. एवढ्यासाठी कुणाला परत पाठवत नाहीत." आणि जाताना गुंड्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "याला मात्र आजच्या आज दोन नंबरला न्या."

नेलं. दुपारी तिघं बसने गेले, गुंड्याच्या गळ्यात पितळी बिल्ला आला. परत येताना मामा बसमध्ये खुशाल घोरला, आणि मामीला कडकडून भूक लागली, चार दिवसांनी पहिल्यांदा.

शुक्रवारी ती दुकानात नेहमीच्या आधी पोचली. निळी पँट नीट इस्त्री करून आणलेली. मालकीण कोटाची बाही टाचत होती. मामीने पँट टेबलावर ठेवली आणि मशीनकडे न जाता तिथेच उभी राहिली. वाक्य बसमध्ये जुळवलं होतं, पण ते आठवलंच नाही, आपोआप दुसरंच आलं.

"मला मुलगा नाही. मुलं नाहीत. होणार पण नाहीत. त्या दिवशी मी खोटं बोलले."

हसली नाही. मशीन सुरू केलं नाही. समोरच्या चेहऱ्याकडे बघत राहिली, काय व्हायचं ते होऊ दे म्हणून.

मालकिणीने तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या. चारही. मामीकडे बघितलं, निळ्या पँटकडे बघितलं, ती उचलून मागच्या फळीवर ठेवली.

"बरं," ती म्हणाली. "मलाही नाहीत. तीन कोट आलेत, अस्तरं फाटलीत, संध्याकाळी न्यायला येणारेत. तू दोन घे."

मामीने पहिला कोट ओढला, उलटा केला आणि खांद्यापासून उसवायला घेतला.